पद रिक्त आहे, फोन चालू आहे

परवा हळदीकुंकवाला एक मैत्रीण म्हणाली, "तुझी मज्जा आहे गं, तुमच्याकडं रोज थरार!"

मी म्हटलं, थरार कसला डोंबलाचा? आमचा अर्धा दिवस माणूस शोधण्यात जातो. विहिरीत पडलेला नव्हे, ड्युटीवरचा!

आमचं विभागीय बचाव केंद्र जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, कुणी टाकीवर चढलं आणि उतरता येईना, कुणी विहिरीत पडलं, की आमच्याकडं फोन वाजतो. फोन कायम वाजतो. त्याचं पद रिक्त नाही ना!

बाकी विचारू नका. एखादं पद रिकामं झालं की ते भरत नाहीत, पण त्याचं काम काही थांबत नाही. ते शेजारच्या टेबलावर सरकतं, तिथून पुढच्या, आणि शेवटी भलत्याच माणसाच्या डोक्यावर येऊन पडतं. असं काही पडलं की त्याचा किस्सा होतो. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा साठतात, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी? तसे हे साठलेत. आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

*

माझ्यापासूनच सुरुवात करते. माझी नेमणूक लिपिक-टंकलेखक म्हणून झाली. परीक्षा दिली, टायपिंगचं सर्टिफिकेट दिलं, आणि नवी साडी नेसून पहिल्या दिवशी हजर झाले. आमचे प्रमुख निकम साहेब. त्यांनी मला एक टेबल दाखवलं. टेबलावर टाईपरायटर नाही, कॉम्प्युटर नाही. तीन फोन!

"साहेब, मी टायपिस्ट आहे."

"माहितीये. पण ऑपरेटर रिटायर झालेत. तात्पुरतं बसा, मॅडम."

त्या तात्पुरत्या खुर्चीची गादी मी आतापर्यंत दोनदा बदललीये.

तर, मी बसले न बसले तोच फोन वाजला. पलीकडून एक घाबरा आवाज. "मॅडम, क्रांती चौकात, कॉम्प्लेक्सच्या लिफ्टमध्ये अडकलोय. लाईट गेली. आत चार जण आहोत. लवकर या!"

आता आमच्या घरात आजोबा कारकून, वडील कारकून. ते रक्तातच उतरलेलं. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "लेखी अर्ज दिलाय का?"

मग तो माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "नाही मॅडम. लिफ्टच्या फटीतून टाकू का?"

*

आमच्याकडं गाडीचा ड्रायव्हर एकच. रफिकभाई. गल्लीबोळातून गाडी अशी काढतात की बघत राहावं. पण एकदा ते कुणाला तरी उचलायला धावले आणि तेवढ्यात मागं गाडीची बॅटरी चोरीला गेली. झालं! मुख्य कार्यालयातून आदेश निघाला: ड्रायव्हरनं कोणत्याही परिस्थितीत गाडी सोडायची नाही.

बरं, गाडीबरोबर जाणारी माणसं किती? चार पाहिजेत. आहेत दोन. त्यातले एक निकम साहेब, ते मिटिंगला. म्हणजे उरला एकटा कचरू.

चिकलठाण्याच्या एका जुन्या कारखान्यात टाकी रंगवणारा पेंटर वरच अडकला. मचाण एका बाजूनं तुटलेलं, हा दुसऱ्या बाजूला लोंबकळतोय. कचरू शिडीवरून वर गेला, पेंटरच्या कमरेला दोर बांधला, तो टाकीच्या कठड्यावरून खाली सोडला. आता दोराचं दुसरं टोक खाली कुणीतरी पक्कं धरायला पाहिजे. कारखान्यातली माणसं मोबाईल धरून उभी. त्यांचे हात मोकळे नव्हते!

रफिकभाईंनी गाडी टाकीखाली आणली. दार उघडलं, डावा पाय केबिनमध्ये ठेवला, उजवा बाहेर पायरीवर, दोर पाठीवरून घेतला आणि पैलवानासारखे वाकून उभे राहिले. पेंटर हळूहळू खाली यायला लागला.

नेमकी तेव्हाच मुख्य कार्यालयाची जीप आली. त्यातनं एक साहेब उतरले. वर बघितलंच नाही, थेट रफिकभाईंवर घसरले. "ड्रायव्हर! गाडी का सोडली?"

"किधर सोड्या, साब? एक पाँव अंदरच है!"

"आणि दोर का धरलाय? ते तुझं काम आहे का?"

रफिकभाई घामानं निथळत होते. म्हणाले, "हौ साब, मेरा काम नै. छोड देऊँ क्या?"

वर, अर्ध्यावर लटकलेला पेंटर जिवाच्या आकांतानं ओरडला, "ओ साहेब, तुमच्या पाया पडतो! त्याला दुसऱ्याचं काम करू द्या की वो!"

*

आता कचरू. हा सोयगावकडचा, शेतकऱ्याचं पोर. पाण्यात मासा. आमच्याकडं पाणबुड्या म्हणून लागला. ट्रेनिंग घेऊन आला, पाठीवरचा सिलिंडर, तोंडावरचा मास्क, सगळं मिळालं. पण केंद्राला वॉचमन नव्हता. म्हणून कचरूला गेटवर बसवलं. पाणबुड्या गेटवर! येणारा-जाणारा विचारायचा, "सिलिंडर भरून मिळतो का इथं?"

एकदा मोठे पाहुणे येणार होते. हेलिकॉप्टरनं. बंदोबस्ताच्या आराखड्यात कुणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी धरणाच्या कार्यक्रमाचा मजकूर जसाच्या तसा उचलला होता. त्यात होतं: पाणबुड्या, एक.

कचरूला पूर्ण ड्रेसमध्ये मैदानावर उभं केलं. एप्रिलचा महिना. आपल्या इथलं ऊन तुम्हाला माहितीच आहे. काळा रबरी पोशाख, पाठीवर सिलिंडर, पायात बदकासारखे ते पंखे, आणि भोवती कोरडं ठणठणीत मैदान. एक गवताची काडी नाही! कचरू आतल्या आत शिजत होता.

शेवटी तो तिथल्या बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याकडं फटक फटक चालत गेला. "साहेब, म्या पाणबुड्या हाय. इथं पाणी कुठंय?"

अधिकाऱ्यानं घड्याळात बघितलं. म्हणाला, "धूळ मारायला टँकर मागवलाय. आला की त्याच्याजवळ उभा राहा!"

*

पत्रा कापायचं मशीन आमच्याकडं आलं तेव्हा पेढे वाटले होते. नारळ फोडला, हार घातला. मशीन आलं, पण चालवणाऱ्याचं पद मंजूर नाही. मग कुणी हात लावू नये म्हणून भांडारपालांनी ते लोखंडी कपाटात ठेवलं. मग भांडारपाल रिटायर झाले. चावीसकट! पुण्याला मुलाकडं गेले.

एक दिवस फोन आला. एका फ्लॅटमध्ये चार-पाच वर्षांच्या मुलीचं डोकं गॅलरीच्या गजात अडकलंय. पोरगी रडून रडून लालेलाल, आईला भोवळ आलेली. कचरू कपाटाकडं धावला. कुलूप!

कपाट फोडायला पहार शोधली, तर ती गाडीत; गाडी दुसऱ्या कॉलवर. शेवटी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला बोलावलं. तो आला, निवांत मांडी घालून बसला.

तेवढ्यात फ्लॅटमधून परत फोन. मुलीच्या मावशीनं कानाला गोडेतेल चोळून डोकं अलगद काढलं होतं. पोरगी आता बिस्कीट खात होती. मी डोळे पुसले आणि म्हटलं, देवा, त्या मावशीला आमच्याकडं भरती कर रे!

चावीवाल्याचं काम चालूच. कुलपात तार फिरवता फिरवता त्यानं भिंतीवरची पाटी वाचली, बचाव केंद्र. मान वळवून म्हणाला, "भाऊ, दारं फोडायचं, कुलपं तोडायचं तर तुमचंच काम ना?"

कचरू म्हणाला, "व्हय. पण तोडणाऱ्याचं पद रिक्त हाय."

*

निकम साहेबांवर रागवावं की त्यांची कीव करावी, मला अजून ठरवता आलेलं नाही. ते आमचे केंद्रप्रमुख. त्यांच्या वरचे विभागीय अधिकारी बदलून गेले, त्या जागी कुणी आलं नाही, म्हणून त्या पदाचा चार्जही निकम साहेबांकडंच. समोरासमोर दोन केबिन. सकाळी या केबिनमध्ये, दुपारनंतर त्या केबिनमध्ये. चष्मा एकच, तो न्यायला-आणायला मी!

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा जालन्याला ठरला. साहेबांनी रजेचा अर्ज केला. केंद्रप्रमुख म्हणून. मी तो घेऊन समोरच्या केबिनमध्ये गेले. पाठोपाठ तेच आले, खुर्चीत बसले, अर्ज पहिल्या ओळीपासून नीट वाचला.

"यांच्या जागी कोण थांबणार?"

"कुणी नाही, साहेब."

"मग कशी देणार रजा?"

माझं डोकं सणकलं. "साहेब, तुमच्याच मुलीचा साखरपुडा आहे!"

"ते मला माहितीये, मॅडम. पण त्या दिवशी काही झालं तर?" आणि त्यांनी नामंजूर लिहून सही केली. साखरपुडा त्यांनी माझ्या टेबलाशी उभं राहून व्हिडिओ कॉलवर पाहिला. मुलगी अंगठी घालताना रडत होती. इकडं साहेब तीन फोनकडं पाठ करून नाक ओढत होते.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी तो नामंजूर अर्ज घेऊन परत पहिल्या केबिनमध्ये गेले. साहेब माझ्या आधी तिथं पोचलेले. मी कागद पुढं ठेवला. त्यांनी बघितला, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं. वरच्या लोकांना आपलं काही पडलेलं नसतं!"

*

मॉक ड्रिलचा किस्सा तर आमच्याकडं नव्या माणसाला पहिल्यांदा सांगतात. म्हणजे, नवा माणूस आला असता तर सांगितला असता.

कारखान्यात स्फोट झालाय असं समजून सराव करायचा होता. बाहेरून एक निरीक्षक आलेले, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. वाचवणारे पाहिजेत, आणि वाचवायला जखमी पण पाहिजेत. माणसं कुठून आणणार? साहेबांनी आमच्यातच वाटणी केली. मला दोन्ही पाय मोडलेले. कचरू मयत. साहेब आणि रफिकभाई वाचवणारे. म्हणजे साहेब एकटेच, कारण रफिकभाई गाडी सोडू शकत नव्हते!

केंद्रात बसायला कुणीच नव्हतं, म्हणून कंट्रोल रूमचे सगळे कॉल माझ्या मोबाईलवर वळवलेले. मी स्ट्रेचरवर, पायाला फळ्या बांधलेल्या, कपाळावर लाल रंग. शेजारी कचरू पांढऱ्या चादरीखाली. बिचारा मेल्या मेल्या घोरायला लागला होता. बंदोबस्तातून सरळ आलेला.

आणि माझा फोन वाजला. खरा कॉल! टेम्पो उलटलाय, ड्रायव्हर आत चेपलाय, पाय निघत नाहीये.

मी फळ्यांसकट उडी मारली. "कचरू, ऊठ! खरा कॉल!" कचरू चादर फेकून ताडकन उठला आणि पळत सुटला. जमलेल्या कामगारांत एक बाई किंचाळलीच. मी फळ्या सोडत, लंगडत गाडीत. रफिकभाईंनी गाडी चालूच ठेवलेली. साहेब मागच्या फळीवर चढतायत तोच निरीक्षकांनी शिट्टी मारली.

"अहो, थांबा! हा मेलेला होता ना?"

टेम्पोवाला वाचला हं, पायही वाचला. त्याच्या बायकोनं नंतर आम्हाला डब्यातून धपाटे आणून दिले. पण निघताना साहेबांनी गाडीच्या मागून जे उत्तर दिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते ओरडून म्हणाले, "माणसं कमी आहेत, सर! मेलेल्यालासुद्धा ड्युटी आहे!"

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून कापरं भरतं, आणि कचरू भेटला की अजून हसतो.

सोयगाव तालुक्यातल्या एका गावातून सकाळी फोन आला. म्हातारी विहिरीत पडलीये. सरपंच बोलत होता. "जिती हाय, मॅडम. कपारीवर बसलीय. पण वर येईना!"

"येईना म्हणजे? अडकलीये का?"

"न्हाय हो. येत न्हाय म्हनती! आन् बाई माणूस पाठवा."

झालं असं होतं. आजीबाई पाणी बघायला वाकल्या आणि पाय घसरून पडल्या. पडताना मोटरीच्या पाईपच्या खिळ्यात त्यांचं लुगडं अडकलं आणि सुटून वरच राहिलं. आजी खाली, लुगडं अर्ध्यावर लोंबतंय. मनगट मोडलेलं. गावातल्या पोरांनी दोर लावून बाज खाली सोडली, आजी बसेनात. सगळ्या गावासमोर तशा उघड्या वर येणार नाही म्हणाल्या. सुनेनं दुसरं लुगडं टाकलं, पण एका हातानं नेसता येईना. एक पोरगा उतरायला लागला, तर आजींनी खालून धोंडा भिरकावला. "बाप्या माणूस आला तर टकुरं फोडीन!"

सुनेला विहिरीत नुसतं डोकावलं तरी चक्कर येत होती. बाकीच्या बायका काठावर उभ्या राहून रडत होत्या.

आमच्याकडं महिला बचावकर्मीचं पद आहे. मंजूर आहे! भरलेलं नाही, एवढंच. निकम साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी साहेबांकडं बघितलं.

"साहेब, मी टायपिस्ट आहे."

"नुसतं लुगडं नेसवायचंय, मॅडम."

"मला नऊवारी नेसता येत नाही! आमच्या आईला येत नव्हती!"

"तात्पुरतं," साहेब म्हणाले.

फोनजवळ साहेब बसले आणि आम्ही तिघं निघालो. वाटभर मी राम राम म्हणत होते. रफिकभाई एरवी गाणी लावतात, त्या दिवशी रेडिओ बंद. एकदाच म्हणाले, "मॅडम, नीचे मत देखना."

"विहिरीत उतरायचंय रफिकभाई, खाली नाही तर कुठं बघू?"

पोचलो तर अख्खं गाव विहिरीवर. कचरूनं माझ्या कमरेला, मांड्यांना पट्टे बांधले, दोर ओढून पाहिला. पाणबुड्या म्हणून लागल्यापासून पहिल्यांदा त्याच्या वाट्याला पाण्याचा कॉल आला होता, आणि त्याला काठावर उभं राहायचं होतं! चेहरा बघवत नव्हता. तरी मला म्हणाला, "ताई, भिऊ नका. दोर माझ्या हातात हाय." एरवी मॅडम म्हणतो. त्याच्या ताई म्हणण्यानंच मी आणखी घाबरले.

साडीवर पट्टे बसेनात, म्हणून सुनेनं मला आधीच घरात नेऊन मुलीचा पंजाबी ड्रेस दिला होता. तो घालून मी काठावरून मागं मागं खाली गेले. दगडांना शेवाळ, कानात पारव्यांची फडफड, खाली हिरवं पाणी. पाण्याच्या थोडं वर कपार. कपारीवर आजी, गुडघे पोटाशी घेऊन, ओल्या झंपरात. थंडीनं ओठ निळे पडलेले, पण नजर अशी की मास्तरीण वर्गात बसलीये.

मी कपारीवर पाय टेकला. जागा दोन पाटांएवढी.

"तू कोन गं?"

"मी... बचाव केंद्रातून आलेय, आजी."

"तुला काय झालंय? येवढी का कापाय लागलीस?"

"काही नाही. लुगडं नेसवते तुम्हाला."

सुनेनं टाकलेलं लुगडं त्यांनी मांडीखाली दाबून ठेवलं होतं. मी ते उलगडलं. संपेचना! एक टोक पाण्यात, एक माझ्या गळ्यात. आजी मोडका हात छातीशी धरून सूचना देत होत्या. "आगं तसं न्हाय! आदी गाठ मार. आता निऱ्या. कुनी शिकिवलं न्हाय व्हय तुला? आता काष्टा मागून घे... मागून! माजं मागं कुटंय?"

वरून कचरू विचारतोय, "झालं का, ताई?" मी ओरडले, "नाही!" आजी ओरडल्या, "वर बघा रं मुडद्यांनो, खाली बघू नका!" अख्ख्या गावानं आभाळाकडं माना वळवल्या असणार.

दोर थोडा सैल ठेवला होता, मला हालचाल करता यावी म्हणून. मी काष्टा खोचायला आजींच्या मागं वळले, शेवाळावर पाय सरकला आणि मी सरळ पाण्यात! नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढं हिरवं हिरवं. वर काय चाललंय कळेना. एवढंच कळलं, की कुणीतरी माझी वेणी घट्ट पकडलीये. एका हातानं. आणि कपारीकडं ओढतंय.

मी कपारीच्या कडेला लोंबकळत, खोकत, आजींचा गुडघा दोन्ही हातांनी धरून बसले.

"पवता येतंय का तुला?"

मी मान हलवली. नाही.

आजींनी माझ्याकडं बघितलं. मग माझी वेणी तशीच मुठीत ठेवून मान वर केली आणि विहीर दणाणेल अशा आवाजात ओरडल्या, "आरं ए पोरांनो! आदी हिला वर वढा रं! माजं काय, म्या पवते!"